विश्लेषण : खुनाच्या कथांवर स्वतःचे नाव, प्रेमकथेवर टोपणनाव! पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी ‘कॅरल’ ३८ वर्षे का लपवली?

नेटफ्लिक्सवर २०२४ मध्ये आलेली ‘रिप्ली’ ही मालिका पाहिली असेल, तर पॅट्रिशिया हायस्मिथ हे नाव नजरेखालून गेले असेल. आल्फ्रेड हिचकॉकचा ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ हा चित्रपटही याच अमेरिकी लेखिकेच्या पहिल्या कादंबरीवर बेतलेला आहे. थंड डोक्याने खून करणारी, सहज खोटे बोलणारी आणि वाचकाला तरीही आपल्या बाजूला ओढून घेणारी माणसे ही त्यांची खासियत होती. अशा पुस्तकांवर नाव छापताना हायस्मिथ कधी कचरल्या नाहीत.

त्यांच्या एका कादंबरीत मात्र एकही खून होत नाही. दोन स्त्रिया एकमेकींच्या प्रेमात पडतात, गाडीने लांबच्या प्रवासाला निघतात, एक गुप्तहेर त्यांच्या मागावर राहतो आणि शेवटी त्या दोघी पुन्हा भेटतात. ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ या नावाने १९५२ मध्ये आलेल्या या पुस्तकावर लेखिका म्हणून क्लेअर मॉर्गन असे नाव होते. अशी कुणी बाई अस्तित्वात नव्हती. हे पुस्तक आपले आहे हे हायस्मिथ यांनी छापील स्वरूपात मान्य केले ते थेट १९९० मध्ये. तोवर त्या सत्तरीला टेकल्या होत्या.

खेळण्यांच्या काउंटरवर नेमके काय घडले?

डिसेंबर १९४८. हायस्मिथ तेव्हा २७ वर्षांच्या होत्या. पहिल्या कादंबरीचे काम चालू होते, पण हातात पैसे नव्हते. नाताळच्या गर्दीसाठी न्यूयॉर्कमधल्या ब्लूमिंगडेल्स या मोठ्या दुकानात तात्पुरती माणसे घेत होते. तिथे खेळण्यांच्या विभागात त्यांना बाहुल्या विकण्याचे काम मिळाले.

ही नोकरी कशासाठी केली, ते जास्त महत्त्वाचे आहे. मार्क ब्रँडेल या कादंबरीकाराशी त्यांचे लग्न ठरण्याच्या मार्गावर होते. हायस्मिथ यांना ओढ मात्र स्त्रियांची होती आणि हे त्यांना स्वतःला चांगले ठाऊक होते. लग्नासाठी आपण ‘योग्य’ व्हावे म्हणून त्या एका मनोविश्लेषण तज्ज्ञाकडे जाऊ लागल्या. काउंटरवरची कमाई त्या फीमध्ये जाणार होती. आज हे वाचताना विचित्र वाटेल, पण त्या काळी अमेरिकेतले वैद्यकशास्त्रच समलैंगिकतेला विकार मानत होते. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने १९५२ मध्ये मानसिक विकारांची पहिली अधिकृत यादी काढली, त्यात ती होती. ती वगळायला १९७३ उजाडावे लागले.

एके दिवशी मिंकचा फर कोट घातलेली, सोनेरी केसांची एक बाई काउंटरवर आली. तिने मुलीसाठी बाहुली निवडली, घरपोच पाठवण्यासाठी नाव आणि पत्ता लिहून दिला, पैसे दिले आणि निघून गेली. एवढेच. हायस्मिथ मात्र घेरी आल्यासारख्या अवस्थेत घरी पोचल्या आणि दोनेक तासांत वहीत एका कादंबरीचा आराखडा उतरवून काढला. सुरुवात, मध्य, शेवट सगळे एका बैठकीत. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. अंगावर फोड आले तेव्हा कळले की कांजिण्या झाल्या आहेत. खेळण्यांच्या विभागात दिवसभर लहान मुलांचा गराडा असतो, त्यातल्याच कुणाकडून तरी त्या लागल्या असाव्यात.

मनोविश्लेषणाचे पुढे काय झाले? तज्ज्ञ बाईंनी त्यांना अशाच ‘समस्येच्या’ विवाहित स्त्रियांच्या गटात बसण्याचा सल्ला दिला. त्या गटातल्या एखाददोघींना आपणच भुरळ घालू, अशी चेष्टा हायस्मिथ यांनी डायरीत केली आहे. काही महिन्यांत उपचार थांबले. लग्न कधीच झाले नाही.

दुहेरी आयुष्याची सवय कुठून लागली?

हायस्मिथ यांचा जन्म १९ जानेवारी १९२१ रोजी टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथे झाला. आईवडिलांचा घटस्फोट जन्माच्या काही दिवस आधीच झाला होता. गरोदरपणात आपण टर्पेंटाइन पिऊन गर्भ पाडण्याचा प्रयत्न केला होता, हे आईने पुढे मुलीला सांगितले. आईशी त्यांचे नाते आयुष्यभर धुमसत राहिले. आडनावही सावत्र वडिलांचे. सहा वर्षांच्या असताना कुटुंब न्यूयॉर्कला आले, आणि बारा वर्षांच्या असताना आईने त्यांना वर्षभरासाठी आजीकडे परत टेक्सासला ठेवले. हे टाकून जाणे त्या कधीच विसरल्या नाहीत.

शाळकरी वयात त्यांच्या हाती कार्ल मेनिंजर या मनोविकारतज्ज्ञाचे पुस्तक लागले. त्यात खऱ्या रुग्णांच्या हकिकती होत्या: आग लावणारे, चोरी करणारे, वरून साधे दिसणारे लोक. शेजारच्या घरातही असे कुणी राहत असेल, ही कल्पना तिथून त्यांच्या डोक्यात बसली ती कायमचीच.

१९४२ मध्ये बर्नार्ड कॉलेजमधून पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे कॉमिक्सच्या कथा लिहून पोट भरले. या धंद्यात तेव्हा बायका फारच थोड्या. दिवसा साधा माणूस आणि रात्री मुखवटा घातलेला नायक, अशा कथा त्या साच्यातून काढाव्यात तशा लिहीत. पुढे नाव झाल्यावर या कामाचा उल्लेख करणे त्या टाळत. म्हणजे क्लेअर मॉर्गन ही त्यांची लपवाछपवीची पहिली वेळ नव्हती.

कादंबरी प्रेमाची, मग थरार कुठून आला?

कथा वरवर साधी आहे. १९ वर्षांची टेरेस नाटकांचे नेपथ्य करण्याची स्वप्ने पाहते आणि तोवर दुकानात बाहुल्या विकते. तिशी ओलांडलेली कॅरल घटस्फोटाच्या उंबरठ्यावर आहे, तिला रिंडी नावाची लहान मुलगी आहे. ओळख वाढते, आणि दोघी कॅरलच्या गाडीतून पश्चिमेकडे निघतात. आयोवा राज्यातल्या वॉटर्लू इथल्या हॉटेलात त्या पहिल्यांदा एकत्र येतात.

इथपर्यंत ही प्रेमकथा आहे. इथून पुढे हायस्मिथ यांचे ठेवणीतले यंत्र सुरू होते. एक माणूस वारंवार दिसू लागतो. आधी योगायोग वाटतो, मग वाटेनासा होतो. कॅरलच्या बॅगेत टेरेसला पिस्तूल सापडते. तो माणूस कॅरलच्या नवऱ्याने नेमलेला खासगी गुप्तहेर निघतो. हॉटेलच्या भिंतीपलीकडून त्याने दोघींचे आवाज यंत्रावर टिपून घेतलेले असतात. कॅरल पैसे मोजून त्याच्याकडून ध्वनिमुद्रणे घेते, पण काही आधीच न्यूयॉर्कला पोचलेली असतात. ती न्यायालयात वाजली तर मुलगी जाणार. पिस्तूल कादंबरीत शेवटपर्यंत झाडले जात नाही. त्याची गरजही पडत नाही, कारण त्याहून धोकादायक वस्तू ती टेप आहे.

हा भाग कल्पनेतला नव्हता. १९४० च्या दशकात हायस्मिथ यांचे फिलाडेल्फियातल्या एका श्रीमंत घराण्यातील स्त्रीशी प्रेमसंबंध होते. त्या स्त्रीने घटस्फोटात मुलीचा ताबा गमावला होता आणि तिच्याविरुद्ध वापरला गेलेला पुरावा होता हॉटेलच्या खोलीतले ध्वनिमुद्रण. कॅरलचा चेहरा काउंटरवरच्या बाईचा असेल, पण तिच्यावर कोसळलेले संकट या दुसऱ्या स्त्रीचे होते. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात आणि न्यायालयांत अशा आईला ‘अयोग्य’ ठरवणे फारसे अवघड नव्हते. त्यामुळे या कादंबरीतला गुप्तहेर वरून चिकटवलेला मसाला वाटत नाही. त्या काळात दोन स्त्रियांनी प्रेम करायचे म्हणजे मागे कुणी आहे का हे पाहतच करायचे होते. न्यूयॉर्कमधल्या समलैंगिकांच्या बारमध्ये जाणारे लोक कुणाला संशय येऊ नये म्हणून एक स्टेशन आधी किंवा एक स्टेशन पुढे उतरून चालत जात, अशी आठवण हायस्मिथ यांनीच पुढे लिहून ठेवली.

लेखिकेनेच केला पाठलाग

इथे गोष्ट जरा अवघड वळण घेते. काउंटरवर लिहून दिलेला पत्ता हायस्मिथ विसरल्या नव्हत्या. १९५० च्या जूनअखेरीस, पहिला खर्डा संपत आला असताना, त्या आगगाडीने न्यू जर्सीतल्या त्या बाईच्या गावी गेल्या. उतरल्यावर धीर यावा म्हणून दारू प्यायल्या, मग बसने तिच्या घराच्या रस्त्यापर्यंत गेल्या. एक गाडी जवळून गेली. चालवणारी बाई तीच, असे त्यांना वाटले. त्या बोलल्या नाहीत. १९५१ च्या जानेवारीत त्या पुन्हा ते घर पाहून आल्या.

कादंबरीतला गुप्तहेर जे करतो, तेच ही प्रेमात पडलेली लेखिका करत होती: पत्ता मिळवणे, मागे जाणे, दुरून पाहणे. त्या बाईला यातले काहीच कळले नाही. ती कोण होती हे हायस्मिथ यांच्या मृत्यूनंतर चरित्रकारांनी शोधून काढले, तेव्हा समजले की १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये, कादंबरी छापून येण्याच्या काही महिने आधी, तिने आत्महत्या केली होती. हायस्मिथ यांना हे शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. ज्या स्त्रीला पाहून त्यांनी सुखाचा शेवट लिहिला, ती तो वाचायला उरली नाही.

नाव का लपवले?

पहिली कादंबरी १९५० मध्ये हार्पर या मोठ्या प्रकाशनाने काढली होती आणि पुढच्याच वर्षी हिचकॉकचा चित्रपट आला. हायस्मिथ यांच्यावर ‘सस्पेन्स लेखिका’ असा शिक्का बसला. बाजाराला तसेच आणखी एक पुस्तक हवे होते. दुसरे हस्तलिखित दोन स्त्रियांच्या प्रेमाचे निघाल्यावर हार्परने ते नाकारले. शेवटी कॉवर्ड-मॅककॅन या दुसऱ्या प्रकाशनाने ते १९५२ मध्ये काढले.

आपल्यावर आता ‘तसल्या पुस्तकांची लेखिका’ असा दुसरा शिक्का बसेल, ही भीती हायस्मिथ यांनी नंतर कारण म्हणून सांगितली. ती खरीच होती, पण तेवढीच नसावी. अमेरिकेत तेव्हा साम्यवाद्यांच्या शोधाबरोबर समलैंगिकांचीही शोधाशोध चालू होती. परराष्ट्र खात्यातून अशा संशयावरून माणसांना काढले जात होते आणि १९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आदेशाने सगळ्या केंद्रीय नोकऱ्यांची दारे त्यांना बंद झाली. त्यात घरी आई होती.

शेवटाचे काय करायचे, हाही प्रश्न होता. हायस्मिथ यांनी दोन शेवट लिहिले होते. एकात दोघी कायमच्या दुरावतात, दुसऱ्यात परत भेटतात. छापला गेला दुसरा, आणि तो फुकटचा गोड नाही. कॅरलसमोर अटींची यादी ठेवली जाते, सगळ्या मान्य केल्या तरच मुलीला भेटता येईल. त्या अटी म्हणजे स्वतःला नाकारणे. कॅरल नकार देते आणि मुलगी जवळजवळ गमावते. मग एका गर्दीच्या ठिकाणी टेरेस तिच्याकडे चालत जाते. कादंबरी तिथे थांबते.

आज यात विशेष काय, असे वाटेल. त्याच १९५२ साली मॅरिजेन मीकर यांनी व्हिन पॅकर या टोपणनावाने ‘स्प्रिंग फायर’ लिहिली. तीही दोन मुलींची गोष्ट, तीही तुफान खपली. शेवट सुखाचा चालणार नाही, असे संपादकाने त्यांना आधीच बजावले होते. पुस्तके टपालाने जात आणि अशा संबंधांचे समर्थन दिसले तर टपाल खाते गठ्ठे अडवू शकत होते. त्यामुळे एका नायिकेला वेड लागते आणि दुसरीला आपले तिच्यावर प्रेम नव्हतेच असा साक्षात्कार होतो. बहुतेक पुस्तकांचा साचा हाच होता. जीव द्या, वेडे व्हा किंवा एखाद्या पुरुषाशी लग्न करा. योगायोग असा की पुढे, १९५० चे दशक सरताना, मीकर आणि हायस्मिथ काही काळ एकमेकींच्या प्रेमात होत्या. मीकर यांनी त्या दिवसांवर २००३ मध्ये पुस्तकही लिहिले.

पंचवीस सेंटचे पुस्तक आणि पत्रांचे गठ्ठे

‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ची २५ सेंटची पेपरबॅक आवृत्ती १९५३ मध्ये आली. अशी पुस्तके औषधांच्या दुकानांत आणि बसस्थानकांवर लटकत असत. समाजाला मान्य नसलेले प्रेम, अशी जाहिरात मुखपृष्ठावरच होती. आत मात्र जे आहे ते मुखपृष्ठाने सुचवले त्यापेक्षा कितीतरी संयत आहे. वॉटर्लूच्या त्या रात्रीचे वर्णन हायस्मिथ थोडक्यात आटोपतात. खरी धग आधीच्या पानांमध्ये आहे: खांद्याला निसटता स्पर्श, गाडीतला अबोला, फोन वाजेल का याची वाट. चटपटीत काही मिळेल म्हणून २५ सेंट टाकणाऱ्याची थोडी निराशाच झाली असेल.

तरीही पेपरबॅकच्या जवळजवळ दहा लाख प्रती खपल्या. प्रकाशकाच्या पत्त्यावर क्लेअर मॉर्गनच्या नावाने पत्रे येऊ लागली, कित्येक महिने आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा पत्रांचा गठ्ठा. लिहिणाऱ्यांत स्त्रिया होत्या, पुरुषही होते, छोट्या गावांत आपल्यासारखे दुसरे कुणीच नाही असे समजून जगणारे लोक होते. या गोष्टीत कुणी मरत नाही याबद्दल अनेकांनी आभार मानले होते. काहींनी सल्ला विचारला होता. हायस्मिथ यांनी जमेल तेवढ्यांना उत्तरे लिहिली, खाली क्लेअर मॉर्गन अशीच सही करून. लोकांना धीर देणारी बाई स्वतः मात्र नाव सांगायला तयार नव्हती.

मग ‘रिप्ली’ आणि युरोप

१९५५ मध्ये ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ आली. दुसऱ्या माणसाला मारून त्याचेच नाव आणि आयुष्य वापरणारा टॉम रिप्ली. या नायकावर त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. एकूण २२ कादंबऱ्यांत दोन स्त्रियांच्या प्रेमाला मध्यभागी ठेवणारे असे पुस्तक त्यांनी पुन्हा लिहिले नाही.

१९६३ च्या सुमारास एका विवाहित इंग्रज स्त्रीसाठी त्या इंग्लंडला गेल्या, तिथून फ्रान्स, तिथून स्वित्झर्लंड. प्रेमे झाली, टिकले एकही नाही. गोगलगायी पाळण्याचा छंद होता, एकदा लंडनच्या पार्टीत त्या पर्समध्ये कोबीसारख्या सॅलडच्या पानांसह गोगलगायी घेऊन गेल्या होत्या. हे किस्से सांगायला मजेदार आहेत. दारूचे व्यसन आणि उतारवयात उघडपणे बोलून दाखवलेला ज्यूद्वेष व वर्णद्वेष हे मजेदार नाहीत. कॅरल आणि टेरेस यांना माणूस म्हणून पाहणारी नजर इतर अनेकांच्या बाबतीत त्यांनी वापरली नाही, हे त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

१९८० च्या दशकात नेयाड प्रेस या अमेरिकेतील स्त्रियांच्या प्रकाशन संस्थेने ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ पुन्हा काढायचे ठरवले. खरे नाव घालू दिले तर जास्त रक्कम देऊ, टोपणनाव ठेवले तर कमी, असा प्रस्ताव होता. पैशांच्या बाबतीत अतिशय काटेकोर असलेल्या हायस्मिथ यांनी कमी रक्कम घेतली. क्लेअर मॉर्गन हेच नाव राहिले.

१९९० मध्ये ब्रिटनमध्ये ‘कॅरल’ या नव्या शीर्षकाने पुस्तक आले तेव्हा पहिल्यांदा मुखपृष्ठावर पॅट्रिशिया हायस्मिथ असे छापले गेले. काउंटरवरची बाई, कांजिण्या, पत्रांचे गठ्ठे हे सगळे त्यांनी त्यासाठी लिहिलेल्या उपसंहारात सांगितले. स्वतःच्या प्रेमांबद्दल तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत.

मृत्यूनंतर काय बाहेर आले?

४ फेब्रुवारी १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो इथे वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९४८ मध्ये पहिली कादंबरी पुरी करायला न्यूयॉर्क राज्यातल्या याडो या लेखक-कलावंतांच्या निवासाने त्यांना जागा दिली होती. आपली बहुतेक संपत्ती त्यांनी याडोला ठेवली. ‘कॅरल’ची पटकथा हायस्मिथ यांच्या मैत्रीण असलेल्या फिलिस नॅगी यांनी १९९० च्या दशकाअखेरीस लिहायला घेतली. टॉड हेन्स यांचा चित्रपट पडद्यावर यायला मात्र २०१५ उजाडले. केट ब्लँचेट कॅरल झाल्या, रूनी मारा टेरेस. मारा यांना कानमध्ये अभिनयाचा पुरस्कार विभागून मिळाला, ऑस्करची सहा नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही.

घर आवरताना चादरी आणि टॉवेलांच्या कपाटात मागे दडवलेल्या वह्या सापडल्या: १८ डायऱ्या, ३८ टिपणवह्या, एकूण सुमारे ८,००० पाने. इंग्रजीबरोबर फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन अशा भाषांत, बऱ्याचदा मोडक्यातोडक्या, त्या लिहीत असत. कुणावर प्रेम केले, कुणाचा मत्सर वाटला, न्यू जर्सीच्या त्या रस्त्यावर उभे असताना काय वाटले, सगळे तारीखवार नोंदलेले. त्यातून निवडलेला भाग २०२१ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, छापला गेला. मूळ वह्या आता बर्नमधल्या स्विस साहित्य संग्रहालयात आहेत.